‘सामान्यतः निवासी’

कायद्याच्या पुस्तकावर टीकालेख लिहिण्याचा प्रसंग आपल्यावर येईल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी काव्य आणि नाटक शिकवीत आलों. कायद्याचा आणि आमचा संबंध घराच्या भाडेपट्ट्यापलीकडे फारसा गेला नाहीं. परंतु २०२५ च्या पावसाळ्यांत आमचा एक माजी विद्यार्थी ठाकुर्लीस आमच्या घरीं आला, भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवून खुर्चीच्या अगदीं कडेला बसला, आणि चहाचा पेला हातांत तसाच धरून म्हणाला, “सर, माझ्या चारित्र्याबद्दल तुमचें एक शपथपत्र हवें होतें. भारताच्या नागरिकाचें लागतें.” हा मुलगा आमच्या वर्गांत तीन वर्षें होता. तो भारताचा नागरिक नाहीं हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

तो राहतो उल्हासनगरास. पांच वर्षांचा असतां, २००९ सालीं, सिंधमधून आईवडिलांचें बोट धरून आला. तेव्हांपासून शाळा, महाविद्यालय, चेटीचंड आणि गणपति, दहावीची परीक्षा, लोकलमधील धक्काबुक्की हें सर्व त्याचें येथेंच झालें. घरच्यांजवळ दीर्घ मुदतीचा व्हिसा होता; त्याचें नूतनीकरण करीत करीत सोळा वर्षें गेलीं. वडिलांनीं नागरिकत्वाच्या अर्जाची जुळवाजुळव चालविली होती, तों करोनाच्या साथींत ते वारले. आतां मुलगा स्वतःच्या नांवानें अर्ज करीत होता. आम्हीं त्यास आठ दिवसांनीं येण्यास सांगितलें. ज्या ग्रंथास प्रस्तावना लिहावयाची तो वाचल्यावांचून सही करूं नये, ही आमची जुनी खोड आहे. म्हणून १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा, त्यावरील दुरुस्त्या आणि त्याआधींचीं संविधानांतील कलमें हातांत पेन्सिल घेऊन दोनदां वाचलीं. हा लेख त्या वाचनाचा आहे. कायदेपंडितांस त्यांत कांहीं नवें सांपडणार नाहीं. पण कायदा ज्यांच्याविषयीं लिहिलेला असतो त्यांत कायदेपंडित फारच थोडे असतात.

ठाकुर्लीचें नांव वाचकांपैकीं कित्येकांस चोळ्याच्या वीजघरामुळें ठाऊक असेल. रेल्वेला वीज पुरविणारें तें वीजघर बंद पडून आतां बरीच वर्षें झालीं. येथून कर्जतच्या बाजूस निघालें कीं कल्याण, विठ्ठलवाडी आणि मग उल्हासनगर. आमच्या वडिलांच्या पिढीचे लोक त्या गांवास अखेरपर्यंत ‘कॅम्प’च म्हणत. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करासाठीं बांधलेल्या बराकी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस देण्यांत आल्या, आणि लाखाच्या आसपास माणसें त्यांत येऊन राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. योगायोग असा कीं, त्यानंतर दोनच दिवसांनीं, १० ऑगस्टला, दिल्लीस घटना समितीपुढें नागरिकत्वाचीं कलमें चर्चेस आलीं. एखादें दुसरें कलम सोडल्यास मसुदा समितीस याइतकी डोकेदुखी दुसऱ्या कशानेंहि झाली नाहीं, अशी कबुली डॉ. आंबेडकरांनीं सभागृहांत दिली. बराकींतल्या माणसांस त्या दिवशीं पाणी आणि धान्य यांपलीकडे कशाची चिंता असेल असें वाटत नाहीं. आपण कोण हें दिल्लींत ठरत आहे, हें त्यांच्यापैकीं किती जणांच्या कानांवर गेलें असेल?

वाङ्मय म्हणून पाहिलें तर संविधानाचें सहावें कलम आम्हांस फार आवडलें. अवघड प्रसंगीं लिहिलेलें गद्य अनेकदां चांगलें उतरतें, कारण लेखकास नटण्यास वेळ नसतो. पाकिस्तानांतून आलेल्या माणसास येथें दोनच गोष्टी विचारल्या आहेत: तुझा, तुझ्या आईबापांपैकीं एकाचा किंवा तुझ्या आजा-आजींपैकीं कोणाचा जन्म अखंड हिंदुस्थानांत झाला आहे काय, आणि आल्यापासून तूं येथें ‘सामान्यतः निवासी’ आहेस काय? १९ जुलै १९४८ पूर्वीं आलेल्यास एवढें पुरे होतें. त्या दिवसापासून परवान्याची पद्धति सुरू झाली, म्हणून त्यानंतर आलेल्यास अर्ज करून नोंद करून घ्यावी लागे आणि अर्जापूर्वीं निदान सहा महिने येथें राहिलेलें असावें लागे. सहा महिने! आमच्या विद्यार्थ्याचीं सोळा वर्षें झालीं. (पलीकडे जाऊन परत आलेल्यांच्या बाबतींत सातवें कलम इतकें उदार नव्हतें, पण तो विषय निराळा.)

‘सामान्यतः निवासी’ हे शब्द दिसण्यांत अगदीं साधे आहेत. ते माणसाच्या मनांत डोकावत नाहींत, त्याचें रक्त तपासत नाहींत. तो सकाळीं कोठें उठतो, पाणी कोठल्या नळाचें भरतो, त्याचीं मुलें कोणत्या शाळेंत जातात, एवढेंच पाहतात. रोजच्या, कोणाच्या लक्षांत न येणाऱ्या जगण्यास अशी प्रतिष्ठा देणारे शब्द कायद्याच्या भाषेंत विरळा. आमच्या मतें सबंध वाचनांत ह्याहून सुंदर असें दुसरें कांहीं आम्हांस आढळलें नाहीं.

१९५५ च्या कायद्याचा पोत मात्र निराळा आहे, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर तो जाड होत गेला आहे. त्यांतील पांचवें कलम नोंदणीचें. ह्या कलमांत मूल कोठें येतें तें आम्हीं शोधलें. येतें, परंतु नेहमीं षष्ठी विभक्तींत. नागरिक असलेल्यांचें अज्ञान मूल. नोंद झालेल्या आईबापांचें सज्ञान मूल. मूल कोणाचें तरी असतें, वाक्याचा कर्ता म्हणून तें स्वतःच्या वर्षांसह कोठें उभें राहत नाहीं. बापाची नोंद झाली तर मुलाची होते. बापाचा अर्ज कचेरींत पडून राहिला तर मुलाचें बालपणहि तेथेंच पडून राहतें. आणि बाप मध्येंच वारला तर षष्ठी तशीच लोंबकळत राहते. विशेष कारण असल्यास कोणत्याहि अज्ञान मुलाची नोंद करण्याचा अधिकार सरकारनें राखून ठेवला आहे हें खरें, पण ती कृपा झाली. कृपेची वाट पाहत कोणी अठरा वर्षांचा व्हावयाचा थांबत नाहीं.

याहून चमत्कारिक प्रकार पुढें आहे. सात वर्षें येथें राहिलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीस नोंदणीचा मार्ग खुला आहे, आणि भारतीय वंश म्हणजे काय हेंहि कायद्यानें सांगितलें आहे: ती व्यक्ति स्वतः, किंवा तिच्या आईबापांपैकीं एक जण, अखंड हिंदुस्थानांत अथवा पुढें भारतांत सामील झालेल्या प्रदेशांत जन्मलेला असावा. आजा-आजी, ज्यांना १९४९ च्या लेखणीनें जागा दिली होती, ते आजच्या व्याख्येंतून गळले आहेत. परिणाम पाहा. आमच्या विद्यार्थ्याचे आजोबा फाळणीपूर्वीं सिंधमध्यें जन्मले. म्हणून त्याचे वडील, पाकिस्तानांत जन्मूनहि, भारतीय वंशाचे. वडील आणि आई दोघेंहि फाळणीनंतर जन्मलेलीं. म्हणून हा मुलगा, ज्यास आपण जन्मलों तें गांव आठवतहि नाहीं, तो भारतीय वंशाचा नव्हे. घराण्यांत जो सर्वांत अधिक येथला झाला तोच व्याख्येबाहेर पडला! असा विपर्यास एखाद्या नाटककारानें रचला असता तर आम्हीं त्यास कृत्रिम ठरवून दोन गुण कापले असते.

उरला देशीयकरणाचा मार्ग. त्यास अर्जापूर्वींचे सलग बारा महिने आणि त्यामागील चौदा वर्षांपैकीं अकरा वर्षें असें वास्तव्य लागतें. शिवाय चारित्र्य चांगलें असावें आणि आठव्या अनुसूचींतील एका भाषेचें पुरेसें ज्ञान असावें. भाषेची अट आम्हां भाषेच्या माणसांस अर्थातच आवडली. मात्र सिंधी ही त्या अनुसूचींत १९६७ सालीं आली. तोंवर कॅम्पांतल्या घराघरांतून बोलली जाणारी भाषा ह्या एका कामीं भाषा म्हणून धरली जात नव्हती, ही गोष्ट आम्हांस ह्या वयांत प्रथम कळली.

वास्तव्याचा हक्क मोठा कीं जन्माचा, हा वाद आपल्याकडे नवा नाहीं. उद्योगपर्वांत कृष्ण कर्णास एकांतीं गांठतो, त्याचें जन्मरहस्य उघड करतो आणि पांडवांचा ज्येष्ठ बंधु म्हणून राज्य घेण्यास सांगतो. कर्ण जन्माचा दाखला नाकारत नाहीं. तो फक्त दुसरा हिशेब मांडतो: राधेनें पाजलेलें दूध, अधिरथानें केलेले संस्कार, सूतकुळांत झालेलीं लग्नें आणि त्यांतून आलेलीं मुलें-नातवंडें. एवढें झाल्यावर सबंध पृथ्वी दिली तरी हें नातें खोटें करतां येणार नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. वर्गांत हा प्रसंग निघाला कीं मुलें कर्णाच्या मित्रनिष्ठेवर लिहितात. आम्हीहि तेंच शिकवीत होतों. ह्या वाचनानंतर आमच्या ध्यानांत आलें कीं, मैत्रीच्या आधीं कर्ण बोलतो तो वाढलेल्या घराबद्दल. आमच्या विद्यार्थ्याची स्थिति एका बाबतींत त्याहून कठीण: त्यास पलीकडच्या तीरावर कोणी राज्य देऊं केलेलें नाहीं. तेथें त्याची वाट पाहणारें कोणी नाहीं.

आतां २०१९ च्या दुरुस्तीकडे वळूं. तिच्यावर दोन्ही बाजूंनीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं नवें भांडण उकरण्याची आमची इच्छा नाहीं. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान यांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांस अकरा वर्षांऐवजीं पांच वर्षांचें वास्तव्य पुरे, असें तिनें ठरविलें. नियम निघाले ते ११ मार्च २०२४ रोजीं. अर्ज प्रथम जातो तो डाक खात्याच्या अधीक्षकाच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीपुढें. (पत्रें पोंचविणाऱ्या खात्याकडे माणसें पोंचविण्याचेंहि काम यावें, हें आम्हांस विनोदी नव्हे तर योग्यच वाटलें.) याआधीं, २०१६ च्या अखेरीस, ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांस अशा लोकांचे अर्ज निकालांत काढण्याचा अधिकार मिळाला होता आणि नोंदणीची हजारों रुपयांची फी शंभर रुपयांवर आणली गेली होती, तेंहि चांगलेंच झालें. आमच्या विद्यार्थ्याचा अर्ज ह्या नव्या दारानेंच जाणार होता, आणि दार उघडलें याचा आम्हांस आनंद आहे. हें आधीं कबूल केलेलें बरें; ज्याच्या घरास आग लागलेली नाहीं त्यानें पाण्याचा रंग पाहत बसणें शोभत नाहीं.

परंतु टीकाकाराचें काम आनंद मानून संपत नाहीं. त्याच चाळींत त्याच्या मावशीचा मुलगा राहतो. तो फेब्रुवारी २०१५ मध्यें आला. त्या वेळीं तो सहा वर्षांचा होता. दोघांची शाळा एक, भाषा एक, क्रिकेटचें मैदान एक. एकास पांच वर्षें, दुसऱ्यास अकरा. कारण मध्यें एकतीस डिसेंबर पडला. कायदा येणाऱ्याचा देश पाहतो, धर्म पाहतो, तारीख पाहतो; तो किती वर्षांचा होता तेवढें पाहत नाहीं. सहा वर्षांच्या मुलाचा धर्म तो त्याच्या आईबापांचा, आणि तारीख ती त्यांच्या गाडीची. ह्यांपैकीं त्याचें स्वतःचें असें एकच: येथें वाढण्यांत गेलेलीं वर्षें. छळाला भिऊन आलेल्यांस आसरा द्यावा याविषयीं दुमत नाहीं. पण येथेंच मोठ्या झालेल्या मुलाची परीक्षा त्याच्या आईबापांच्या धर्मावरून व्हावी, हें आम्हांस पटत नाहीं. यादींत ज्या धर्माचें नांव नाहीं त्या धर्माचें मूलहि चवथींत पाढेच पाठ करतें.

केरळच्या उच्च न्यायालयांत गाजलेलें दोन बहिणींचें प्रकरण येथें आठवतें. पाकिस्तानी नागरिक असलेल्या ह्या मुली लहानपणीं केरळांत आल्या, आणि पुढें त्यांनीं आपले पासपोर्ट परत केले. पण त्या देशाच्या कायद्याप्रमाणें एकवीस वर्षांखालील व्यक्तीस नागरिकत्व सोडतां येत नाहीं. म्हणून त्यागाचा दाखला त्यांना मिळेना, आणि दाखल्यावांचून येथलें नागरिकत्व मिळेना. एका न्यायमूर्तींनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. २०२५ सालीं खंडपीठानें तो फिरविला. पासपोर्ट परत करणें म्हणजे नागरिकत्वाचा त्याग नव्हे, असें खंडपीठ म्हणालें. शब्दाच्या अर्थापुरतें तें बरोबर आहे. शब्दाचा अर्थ बरोबर असूनहि वाक्य चुकतें, हा अनुभव मात्र व्याकरण शिकविणाऱ्या कोणासहि नवा नाहीं.

बाहेरच्या जगानें हा प्रश्न कसा वाचला आहे? विलायतेच्या नियमांत, २०२२ च्या जूनमध्यें त्यांची फेरमांडणी झाली तेव्हां, एक कल्पना स्पष्ट मांडलेली दिसते. अठरा ते चोवीस वर्षांच्या ज्या तरुणानें आयुष्याचा निदान अर्धा काळ त्या देशांत सलग घालविला आहे, त्यास तेथें राहण्याचा अर्ज स्वतःच्या नांवानें करतां येतो. अर्धें आयुष्य! कारकुनांच्या भाषेंत असा शब्दप्रयोग कोठून आला याचें आम्हांस कौतुक वाटतें. बाराव्या वर्षीं आलेला मुलगा चोविसाव्या वर्षीं ह्या मापांत बसतो. तेराव्या वर्षीं आलेल्याचें अर्धें आयुष्य सव्विसाव्या वर्षीं भरतें, आणि तोंवर दार बंद झालेलें असतें. पंचविशीपुढें वीस वर्षांचें वास्तव्य मागितलें जातें. गणित आहे तेथें कोणी तरी बाहेर राहणारच. तरीहि ह्या वाक्यांत मूल कर्ता आहे, हें आम्हीं समासांत लिहून ठेवलें.

अमेरिकेची गोष्ट आमच्या वाचकांस अधिक जवळची. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १५ जून १९८२ रोजीं असें ठरविलें कीं, कागद नसलेल्या मुलांसहि सरकारी शाळेचें दार बंद करतां येणार नाहीं. बरोबर तीस वर्षांनीं, १५ जून २०१२ ला, सोळा वर्षांचीं होण्यापूर्वीं आलेल्या आणि तेथेंच शिकलेल्या तरुणांस घालवून न देण्याचें धोरण जाहीर झालें: दोन-दोन वर्षांची सवलत, कामाचा परवाना, आणि नागरिकत्वाकडे जाणारी वाट मात्र नाहीं. तसा कायदा करण्याचा पहिला प्रयत्न २००१ मधला. तो अनेकदां पुढें आला आणि अनेकदां पडला. आतां ह्यांतली गंमत अशी. ही सवलत त्यांनाच, ज्यांच्याजवळ त्या दिवशीं कायदेशीर परवाना नव्हता. डोंबिवली-ठाकुर्लीच्या कितीतरी घरांतून संगणकाचा अभियंता म्हणून गेलेला मुलगा, त्याची बायको आणि तीन वर्षांचें मूल हीं सर्व परवान्यानिशीं गेलीं. कायम वास्तव्याच्या रांगेंत भारतीयांचा नंबर दशकांनीं लागतो. तें मूल तेथें एकवीस वर्षांचें झालें कीं बापाच्या परवान्यावरून त्याचें नांव उतरतें. मग विद्यार्थ्याचा व्हिसा मिळवा, नाहीं तर परत या. ज्याच्या बापानें कायदा पाळला त्यासच ती सवलत नाहीं! षष्ठी विभक्तीचा त्रास तिकडेहि आहे.

आमच्या इमारतींत एक आजी आहेत. त्यांचा नातू न्यू जर्सींत ह्याच घोरांत आहे, आणि त्या दर एकादशीस त्याच्यासाठीं विठोबाला साकडें घालतात. त्यांना आम्हीं उल्हासनगरच्या मुलाची हकीकत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “पण तो तर पाकिस्तानांतला ना?” आम्हीं म्हटलें, “तुमचा नातू तिकडे कोठला आहे?” त्यावर त्यांनीं विषय बदलला. आम्हांसहि तो बदललेला बरा वाटला, कारण आपण वयानें मोठ्या बाईंस उगाच टोचून बोललों असें वाटून गेलें.

ह्या सर्वांवर एक आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाहीं. बालपणास हक्क दिला तर उद्यां लोक मुलांस पुढें करून हद्द ओलांडतील, आणि सरहद्दीच्या प्रांतांत मूळच्या लोकांची भाषा व जमीन बुडेल. आसामांतली ही भीति खोटी म्हणणारा माणूस आसामांत राहिलेला नसतो. तिचें उत्तर वर्षांच्या मापांत आहे, वास्तव्याच्या पुराव्यांत आहे, मुलाच्या हक्कास आईबापांच्या गुन्ह्यापासून वेगळें काढण्यांत आहे. प्लेटोच्या ‘क्रायटो’ ह्या संवादांत कायदे सॉक्रेटिसास बजावतात कीं, तूं सत्तर वर्षें ह्या शहरांत राहिलास, जावयास मोकळा असून गेला नाहींस, म्हणजे आमचें शासन तुला मान्य आहे. राहणें म्हणजे करार, असा तो युक्तिवाद आहे. करार दोन पक्षांचा असतो. आमच्या विद्यार्थ्यानें सोळा वर्षें येथले नियम पाळले, मुदत संपण्याआधीं प्रत्येक वेळीं कचेरीच्या पायऱ्या चढल्या. त्याच्या बाजूनें सही झालेली आहे.

राहतां राहिला आमच्या वाङ्मयाचा दोष. फाळणीवरचें जें साहित्य मुलांस आम्ही सांगतों त्यांत मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा असतेच. दोन देशांच्या मधल्या पट्टींत कोसळणारा तो वेडा कोणास विसरतां येत नाहीं. पण तो म्हातारा आहे. त्यास स्वतःचें गांव ठाऊक आहे, त्याचें नांवहि तेंच पडलें आहे. ज्यास सोडलेलें गांव ठाऊकच नाहीं आणि राहतें गांव आपलें म्हणतां येत नाहीं, अशा मुलाची कथा मराठींत आमच्या वाचनांत आली नाहीं. २०१७ सालीं डोंबिवलीस नव्वदावें साहित्य संमेलन भरलें. आम्हीहि तीन दिवस मांडवांत होतों. तेथून चार-पांच स्टेशनांवर एवढें मोठें सिंधी शहर पाऊणशें वर्षें नांदत आहे, आणि आमच्या कथा-कादंबऱ्यांत तें बहुधा कापड घेण्यापुरतें येतें. ह्यांत आम्ही स्वतःसहि धरतों. तीन वर्षें हा मुलगा दुसऱ्या बाकावर बसत होता आणि आम्हीं त्यास एकदांहि विचारलें नव्हतें कीं तूं कोठला.

ठरल्या दिवशीं तो आला. शपथपत्र आम्हीं आधींच लिहून ठेवलें होतें: नांव, पत्ता, ओळख किती वर्षांची, वर्तन कसें. इतकें लहान आणि इतक्या वेळां खोडलेलें लेखन आमच्या हातून पूर्वीं झालें नव्हतें. ‘चांगल्या चारित्र्याचा’ यापुढें आम्हीं एक वाक्य घातलें होतें; वकिलांनीं तें काढावयास सांगितलें, आणि तें योग्यच होतें. भाषेच्या ज्ञानाचें निवेदन अर्जदारानें स्वतः करावयाचें असतें. त्यानें तें आमच्याच टेबलावर भरलें. सिंधी लिहावें कीं मराठी, म्हणून क्षणभर थांबला, मग ‘मराठी’ असें लिहून कागद आमच्यापुढें सरकविला आणि विचारलें, “सर, ह्यांत ठी दीर्घच ना?”